खण क्रमांक त्रेचाळीस

६ जानेवारी

मायना काय घालावा ते ठरेना. ‘प्रिय’ लिहिलं आणि खोडलं. ‘चि.’ लिहिलं, तेही खोडलं, कारण चौतीस वर्षांच्या बाईला ‘चि.’ म्हणणं मला माझ्याच कानाला बरं वाटेना. तीन कागद वाया गेले, त्यात माझं हे पेन अजून गळतं. शेवटी ती जागा कोरी सोडली आहे. तुला जे वाटेल ते तिथं घालून वाच.

काम आहे म्हणून लिहितेय. उगाच गैरसमज नको.

आपल्या शाळेची प्रयोगशाळा पाडून नवी करतायत. नवे मुख्याध्यापक तरुण आहेत, सभ्य आहेत, बोलताना हात फार हलवतात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, “बाई, तुमच्या कपाटाच्या जागी आता मोठा पडदा येणार. बोट लावलं की मूलद्रव्याची सगळी माहिती समोर.” मी म्हटलं, “बोट तर माझ्याही कपाटात लावता यायचं. पारा सोडून.” ते हसले. मग म्हणाले, नेणार असाल तर घेऊन जा, नाहीतर महिन्याअखेरीस भंगारात जाईल.

भंगारात म्हणे! तुला आठवत असेल, नसेलही. तुझे बाबा गेले त्या वर्षीच्या सुट्टीत मला घरात बसवत नव्हतं, म्हणून शाळेच्या सुताराकडून ते करून घेतलं. एकशे अठरा खण. तो म्हणाला, “बाई, एवढे जिन्नस आहेत तरी का तुमच्याकडे?” तेव्हा तेवढी सापडलीही नव्हती, पण शेवटची ओळ अर्धवट ठेवणं मला जमणारं नव्हतं. तू सहा वर्षांची होतीस. आपण दोघी रोज दुपारी एक-एक खण भरायचो. तांब्याला वायरचा तुकडा, जस्ताला जुन्या बॅटरीचं पत्र्याचं कवच, कार्बनला तुझी पेन्सिल. टंगस्टनला उडालेला बल्ब फोडून आतली तार काढली होती आणि तुझं बोट कापलं होतं. सोन्याला बाबांच्या पेनाचं निब. ते ठेवताना तू विचारलंस, “आता बाबा लिहिणार कशानं?” मी झाकण लावलं.

तर मुद्दा असा. कपाट मावेल अशी घरात एकच भिंत आहे, तुझ्या खोलीतली. तिथं तुझा पलंग आहे. तुला न विचारता मी तो हलवणार नाही. फोन नंबर मामाकडे आहे, पण तो मला द्यायचा नाही असं तुझं सांगणं आहे म्हणे. असू दे. पत्ता तरी दिला त्यानं, तेवढं पुष्कळ.

हो किंवा नाही, एवढंच कळव. एका शब्दाचं उत्तर चालेल, वाक्यात लिही असं मी या वेळी म्हणणार नाही.

कपाट उतरवायला सुतार येईल. मी हात लावणार नाही, माझी पाठ जरा धरली आहे.

— आई

---

२४ जानेवारी

उत्तर नाही. ठीक आहे. टपाल हल्ली उशिरा येतं, असं मी शेजारणीला सांगते आणि तीही मान डोलावते. चांगली बाई आहे.

काल शाळेत जाऊन खणांतल्या वस्तू एकेक करून डब्यात भरल्या. प्रत्येक वस्तू जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर क्रमांक घालायचा. चार तास लागले. प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. नळ मात्र अजून तसाच ठिबकतो, तो बहुतेक नव्या इमारतीतही नेणार असतील. मी भरत गेले आणि मोठ्यानं बोलत गेले, तुला सांगायचे तसं. पहिला खण, हायड्रोजन. विश्व जन्मलं तेव्हाच तो झाला, पहिल्या काही मिनिटांत, आणि त्याच्याबरोबर हेलियम आणि चिमूटभर लिथियम. बाकी काही नाही. पुढचं सगळं ताऱ्यांच्या पोटात शिजलं. कार्बन, ऑक्सिजन, तुझ्या दातातलं कॅल्शियम. शिजत शिजत लोखंडापर्यंत आलं की ताऱ्याची चूल विझते, कारण लोखंडाला लोखंड जोडून ऊब मिळत नाही. त्याच्या पुढचं घडायचं तर बहुतेक वेळा तारा फुटावा लागतो, नाहीतर मेलेले दोन तारे एकमेकांवर आपटावे लागतात. सोनं असं झालं. हे ऐकून तू बाबांच्या निबाकडे किती वेळ बघत बसली होतीस.

पोरं मला मागून ‘लोखंड’ म्हणायची, माहीत आहे ना? मला तेव्हा मनातून बरं वाटायचं. काल त्या खणातला खिळा गुंडाळताना तसं काही वाटलं नाही.

त्रेचाळिसाव्या खणात एक घडी घातलेला कागद सापडला. तुझी उत्तरपत्रिका. शाळेच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेची, रसायनशास्त्राची. तिथं कशी गेली कोण जाणे. मी उघडून पाहिली. प्रश्न सातवा: निसर्गात आढळणारी मूलद्रव्ये किती? कारणासह लिहा. दोन गुण. तू लिहिलं होतंस नव्वद. पुस्तकात ब्याण्णव होतं. भौतिकच्या सरांनी पुस्तकाप्रमाणे तपासलं असणार. परीक्षेत पुस्तक ते पुस्तक, यात कुणाचा काय दोष? शिष्यवृत्तीची जागा एकच होती, आणि एका गुणानं गेली. जायची ती गेली. सतरा वर्षं झाली त्याला.

परतताना फाटकापाशी भौतिकचे सरच भेटले. काठी घेऊन चालतात आता. कानाला यंत्र लावलंय, त्यामुळे आधीपेक्षाही मोठ्यानं बोलतात. रस्त्यात ओरडून विचारलं, “लेक काय म्हणते? मला शिव्या देत असेल अजून!” मी म्हटलं, “छे हो, काहीतरीच काय.” ते म्हणाले, “द्यायलाच हव्यात. त्या दोन गुणांनी मलाही झोप दिली नाही, बाई.” आणि माझ्याकडे बघत राहिले. मी घाईत आहे म्हणाले आणि निघाले. घाई कसली, घरी कोण वाट बघतंय?

पाठीचं दुखणं वाढलंय म्हणून डॉक्टरांनी काही तपासण्या लिहून दिल्यात. हल्ली डॉक्टर शिंकेलाही तपासणी सांगतात. तू हॉस्पिटलात नोकरीला आहेस, तुला माहीतच असेल. मामा म्हणाला, मशीनवर असतेस. मी सगळ्यांना सांगते, लेक एक्स-रे काढते.

पलंगाचं कळव.

— आई

---

१० फेब्रुवारी

आज जे झालं ते सांगायला घरात भिंतीशिवाय कुणी नाही, म्हणून तुला लिहितेय.

हाडांचा स्कॅन होता. सकाळी नऊला बोलावलं होतं, मी सव्वाआठला जाऊन बसले. उशिरा येणाऱ्या पोरांना एकतीस वर्षं वर्गाबाहेर उभं केलंय, आता सवय मोडत नाही. साडेनऊला एक मुलगी आली, चोविसाची असेल, केस वर बांधलेले. तिच्या हातात सुई, आणि सुईभोवती शिशाचं जाडजूड नळकांडं.

“आजी, हात सैल सोडा. मुंगी चावल्यासारखं होईल.”

“यात आहे काय?”

“औषध आहे.”

“औषध आहे ते दिसतंय. कसलं?”

“हाडांत जाऊन बसतं ते. मग मशीनला दिसतं.”

“अगं, मी रसायनशास्त्र शिकवलंय. नाव सांग की.”

ती हसून म्हणाली, “टेक्नेशियम.”

मी म्हटलं, “त्रेचाळीस?”

“अय्या, हो. त्रेचाळीस.”

अगं, मी टोचायच्या आधीच हात मागे ओढला. तिला वाटलं मी सुईला घाबरले. तेवीस वर्षं मी ज्या खणासमोर उभं राहून ‘हे मिळत नाही’ म्हणाले, ते या पोरीच्या हातात होतं. मी विचारलं, कुठून आणता? तर म्हणते, “आणत नाही, रोज सकाळी इथंच काढतो.” मोलिब्डेनम भरलेलं एक भांडं आठवड्याला येतं, शिशाच्या कवचात. मोलिब्डेनमचं आपोआप टेक्नेशियम होत राहतं. सकाळी त्यातून मिठाचं पाणी सोडलं की ते खाली उतरतं. “आम्ही त्या भांड्याला गाय म्हणतो आजी. रोज धार काढायची. सहा तासांत निम्मा जोर जातो, म्हणून साठवून ठेवता येत नाही.”

मग तिनं पाठ केलेलं सांगितलं. भरपूर पाणी प्या, तीन तासांनी मशीनवर या, आणि आज दिवसभर लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून लांब राहा. “घरी कोण कोण असतं?”

“कोणी नाही.”

“मग काही प्रश्नच नाही!” असं म्हणून तिनं कागदावर बरोबरची खूण केली. इतक्या चटकन मला आजवर कुणी पास केलं नव्हतं.

तीन तास बाकावर बसले. पाणी पीत होते आणि विचार करत होते. बाहेरच्या फोनवरून मामाला लावला. “ती नक्की कसलं मशीन चालवते रे?” मामा म्हणाला, “ताई, तुला नाही माहीत? ते किरणांचं औषध टोचून फोटो काढतात ना, तो विभाग. सकाळी सहाला जाते, औषध काढायचं असतं म्हणून.” मग तो हळूच म्हणाला, “नोकरी लागली तेव्हा मला म्हणाली होती, मामा, बाईंच्या कपाटात नाही ते मला मिळालं.”

बाईंच्या, असं म्हणालीस. आईच्या नाही.

तुझं एकच पोस्टकार्ड आलं होतं मला, घर सोडल्यावर दोन वर्षांनी. त्यावर एकच ओळ: ‘त्रेचाळीसचा खण रिकामाच ठेव.’ मी ते टोमणा म्हणून वाचलं. तेव्हा तू हे शिकायला लागली होतीस ना? मला कसं कळणार होतं, आणि मी विचारलं तरी कुठं.

स्कॅन झाला. मशीनखाली अर्धा तास हलायचं नाही. वरती जाळीचं छत होतं, मी त्याचे चौकोन मोजले, एकशे अठराला थांबले. घरी आले. पाच वाजता शेजारची चार वर्षांची बाई नेहमीसारखी कडी वाजवायला आली. रोज बिस्किट न्यायला येते आणि माझ्या चष्म्यातून बघते. मी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, “आजी घरात नाही.” ती म्हणाली, “मग बोलतंय कोण?” थोडा वेळ थांबली, मग चपला फरफटत गेली. तुझी लेकही एवढीच असेल, मामा म्हणतो. तिची कडी अजून माझ्या दारावर वाजलेली नाही.

रिपोर्ट शुक्रवारी येणार.

हे पत्र मी पाठवत नाही. आत्ता हे लिहिता लिहिता ठरवलं. तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती मी सतरा वर्षं सांगितलेली नाही. आधी आजार सांगायचा आणि मग चूक कबूल करायची म्हणजे ग्रेसचे मार्क मागणं झालं. मी कधी कुणाला ग्रेस दिले नाहीत, मला स्वतःलाही नकोत. मामालाही बजावलंय, एक अक्षर बोलायचं नाही.

---

१२ फेब्रुवारी

परवा तुला एक पत्र लिहिलं आणि पेटीत टाकलं नाही. त्यात माझंच पुराण फार होतं. हे फक्त त्या दोन गुणांबद्दल आहे. बसून वाच.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. उत्तरपत्रिका खणात ‘सापडली’ नाही, मीच ठेवली होती. निवृत्त झाले त्या दिवशी कपाटाला कुलूप लावून किल्ली दिली, तेव्हाही ती आतच होती. आणि भौतिकच्या सरांनी तुला शून्य दिलं नव्हतं. त्यांनी दोनपैकी दोन दिले होते. लाल शाईत, ठळक. शेजारी लिहिलं होतं, ‘छान विचार’.

ते शून्य माझं आहे.

पद्धत तुला माहीत आहे. तपासणारा लाल शाईनं तपासतो, फेरतपासणारा हिरव्या शाईनं, आणि जिथं खाडाखोड होईल तिथं शेजारी छोटी सही. त्या वर्षी फेरतपासणी माझ्याकडे होती. मी स्वतःच्या मुलीच्या पेपरांचा गठ्ठा दुसऱ्याला द्यायला हवा होता. दिला नाही. गठ्ठा यायच्या आदल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी चहा ढवळत म्हणालं होतं, “पेपर आईच्या हातात, म्हणजे शिष्यवृत्ती घरातच.” सगळे हसले. मीही हसले. पण ते कानातून गेलंच नाही.

आणि मग तुझं उत्तर वाचलं. ‘नव्वद. पुस्तकात ब्याण्णव दिले आहेत, पण त्रेचाळीस आणि एकसष्ट ही मूलद्रव्ये ताऱ्यांत बनत असली तरी टिकत नाहीत, त्यामुळे पृथ्वीवर ती जवळजवळ नाहीतच.’

अगं, ते माझं वाक्य होतं. तू स्टुलावर उभी होतीस, सात वर्षांची. विचारलंस, “आई, इथं काय ठेवायचं?” मी म्हटलं होतं, “इथं काही नाही ठेवायचं. हे ताऱ्यात होतं, पण आपल्यापर्यंत उरत नाही.” दहा वर्षं तू ते जपून ठेवलंस आणि परीक्षेत लिहिलंस. वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला. आणि वाटलं, आता तो सगळ्यांनाच ऐकू येईल. म्हणतील, पुस्तकात नाही ते हिला कुणी सांगितलं? प्रश्न फोडला आईनं.

उत्तर बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. त्या खोलीत सगळ्यांत जास्त मलाच ठाऊक होतं. मी हिरवं पेन उचललं, सरांचे दोन खोडले, शून्य केलं, सही केली. अर्ध्या मिनिटाचं काम. हे मी तुझ्यासाठी केलं नाही, नियमासाठी केलं नाही. मला घाबरायला झालं म्हणून केलं.

त्याच संध्याकाळी प्रश्नवार गुणांची यादी लागली, आणि रात्री जेवताना तू अर्ज पुढं केलास. फेरतपासणीच्या अर्जावर पालकाची सही लागते. तू म्हणालीस, “आई, माझं उत्तर बरोबर आहे, तुलाही माहीत आहे. फक्त सही कर.” मी म्हटलं, तपासणाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. वर हेही म्हटलं, की हरायलाही शिकावं माणसानं. काय तोंड होतं माझं! सरांना मी गप्प राहायला सांगितलं आणि त्या भल्या माणसानं सतरा वर्षं माझं पाप स्वतःच्या अंगावर ठेवलं. तुला वाटत असेल, आईनं फक्त एक सही नाकारली. तेवढ्यासाठी घर सोडलंस असं मी लोकांना सांगत आले. बॅग घेऊन उंबऱ्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस, “येते, बाई.” शाळेत मला बाई म्हणायचं हा नियम मीच केला होता. घरात तू तो पहिल्यांदा पाळलास.

माझं चुकलं. चुकलं म्हणजे गणित चुकतं तसं नाही, मी तुझ्याशी वाईट वागले. माफ कर असं लिहायचा धीर होत नाही. हे वाचून तू मला कायमचं खोडलंस तरी मी फेरतपासणी मागणार नाही.

कपाट आलंय. तुकड्यांत बाहेरच्या खोलीत पडलंय. पलंग हलवलेला नाही.

— आई

---

५ मार्च

प्रश्नपत्रिके,

मायना सापडला. लहानपणी दिवसभर प्रश्न विचारायचीस म्हणून तुला हे नाव ठेवलं होतं, आठवतं?

तुझं खोकं काल आलं. मला वाटलं सुताराचे खिळे आले. कापसात गुंडाळलेली एवढीशी काचेची बाटली, रबरी बूच, वर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. मूलद्रव्य, तारीख, वेळ सकाळी आठ दहा, आणि शेजारी छोटी सही. सही माझ्यासारखीच करतेस गं, शेवटची रेघ वर ओढून.

बरोबरचा कागद मी इतक्या वेळा वाचलाय की घडीवर फाटायला आलाय. तरी पुन्हा उतरवते, लिहून पाहावंसं वाटतं म्हणून. ‘खण त्रेचाळीससाठी. किरण केव्हाच संपलेत, घाबरू नकोस. पण जोर गेला म्हणून ते दुसरं काही होत नाही. डोळ्यांना दिसणार नाही एवढं असलं तरी त्रेचाळीसच आहे, आणि दोन लाख वर्षांत निम्मंसुद्धा संपणार नाही. गुण कुणी कापले ते मला त्याच दिवशी कळलं होतं. जेवताना तुझ्या बोटाला हिरवी शाई होती. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते. पलंग हलव.’

सतरा वर्षं! अगं, बोटावरची शाई मी त्याच दिवशी दगडानं घासून काढली होती, पण जेवणानंतर. आणि तू समोर बसून, शाई बघून, तरी अर्ज पुढं केलास. म्हणजे मला सांगायची एक संधी देत होतीस. मी शिक्षिका, आणि मला तो प्रश्नच कळला नाही. हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पुरेशी रडले. आता बरं वाटतंय.

दुरुस्ती केली आहे. दुकानात हिरवं पेन मागितलं तर दुकानदार म्हणाला, “आजी, हिरवं हल्ली कोण वापरतं?” शेवटी शेजारच्या छोटीचं स्केचपेन उसनं आणलं. तिनं दिलं, पण टोपण लावून परत द्यायचं या अटीवर. माझं शून्य खोडून दोन केले, एकूण बेरीज दुरुस्त केली, सही केली. मग उत्तरपत्रिका घेऊन भौतिकच्या सरांकडे गेले. मोठ्यानं सांगावं लागलं, कानाचं यंत्र बंद होतं त्यांचं, तेव्हा अर्ध्या गल्लीनं ऐकलं. ऐकू दे. कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वाचला, मग म्हणाले, “बाई, आता तुमच्या घरावरून भीत भीत जायला नको.” त्यांचीही सही घेतली आहे, लाल शाईत. उत्तरपत्रिका सोबत पाठवते. ती तुझी आहे.

एक सांगून ठेवते, माझ्या आत्ताच्या वाचनानुसार. काहीजण अठ्ठ्याऐंशी म्हणतात, काही चौऱ्याण्णव, कणाकणानं सापडणारी धरून. किती बारीक बघता त्यावर आहे. पण तुझं कारण बरोबर होतं, आणि गुण कारणाला होते.

आता गुणांचा व्यवहार संपला, म्हणून दुसरं सांगते. दहा फेब्रुवारीचं न पाठवलेलं पत्र सोबत आहे, ते आधी वाच आणि मग पुढचं वाच.

वाचलंस? रिपोर्टमध्ये मणक्यात दोन डाग आहेत. कशाचे आहेत ते तू चित्र बघून माझ्याआधी ओळखशील. डॉक्टर म्हणतात, लवकर सापडलंय, औषधानं ताब्यात राहतं, बरीच वर्षंही राहतं. मी त्यांना विचारलं, बरीच म्हणजे किती, कारणासह सांगा. ते हसले, पण आकडा दिला नाही. उपचार सोमवारपासून सुरू झालेत. मी घाबरले आहे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, शेजारणीलाही नाही.

कपाट तुझ्या खोलीत लागलं. सुतारानं पलंग दुसऱ्या भिंतीला लावून दिला, झोपता येईल असा. बाटली त्रेचाळिसाव्या खणात ठेवली. छोटी बघून म्हणाली, “यात तर काहीच नाही.” मी म्हटलं, आहे. तिला पटलं नाही. मी तिला सांगितलं नाही, की याच्या आधी तेच त्रेचाळीस माझ्या हाडांत येऊन बसलंय, आणि ते काढणारी माणसं सकाळी सहाला कामावर जातात.

पुढचा स्कॅन जूनमध्ये आहे. ती केस वर बांधलेली मुलगी पुन्हा सुई टोचेल, पुन्हा म्हणेल, आजी, आज लहान मुलांपासून लांब राहा, आणि पुन्हा विचारेल, घरी कोण कोण असतं?

तू लेकीला घेऊन ये. मी तो एक दिवस स्वयंपाकघरात बसेन आणि दाराआडून तिच्याशी बोलेन, शप्पथ जवळ येणार नाही. पण ज्याच्यापासून लांब राहायचं, असं कुणीतरी या वेळी घरात असू दे गं.

— आई